दोन मिनिटं मागितली होती: गावोगावच्या यात्रा कमिट्यांना एका सोंगाड्याच्या मुलीचं खुलं पत्र

गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे अध्यक्ष, खजिनदार आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या चैत्रात आमच्या गावच्या यात्रेत, तमाशाच्या बोर्डामागे, म्हणजे स्टेजमागे, जे घडलं त्यामुळे हे पत्र लिहिते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या कमिटीतले निम्मे लोक नात्याने माझे चुलते, मामा लागतात आणि दोघं तर माझ्याच हाताखाली तिसरी शिकून गेले आहेत. शिवाय आबांचा नियमच होता, "नाव घ्यायचं न्हाई, गोष्ट सांगायची. ज्याची आसंल त्याला बरोबर कळती." ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना कळेल. पण गेले काही महिने मी पुणे, नगर, सातारा, सांगलीकडच्या ओळखीच्या फडवाल्यांशी, म्हणजे तमाशाची मंडळी चालवणाऱ्यांशी, बोलले, तेव्हा लक्षात आलं की थोड्याफार फरकाने ती बऱ्याच गावांची गोष्ट आहे. म्हणून पत्र सगळ्यांना.

आबा म्हणजे माझे वडील. ते तमाशात सोंगाड्या, म्हणजे लोकांना हसवणारे नट होते. ४१ हंगाम त्यांनी केले. गेल्या भाद्रपदात, वयाच्या ७१व्या वर्षी ते गेले. यंदा यात्रेला जो फड आला, त्यातच त्यांची शेवटची १६ वर्षं गेली होती. ट्रक लागल्या लागल्या फडाच्या मालकीणबाई कनात ठोकायचं काम मॅनेजरवर सोपवून आधी आमच्या घरी आल्या. आईजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आज गण झाला की आबांचा फोटो बोर्डावर ठेवते. हार घालते, दोन मिनिटं बोलते, मग गौळण लावते." आईने पेटी उघडली आणि आबा गौळणीत, म्हणजे कृष्ण-गवळणींच्या खेळात, गवळणींची मावशी व्हायचे तेव्हा नेसायचे ते हिरवं लुगडं काढून त्यांच्या हातात दिलं. फोटोशेजारी ठेवा म्हणाली.

कमिटीने नको म्हणून सांगितलं. शुभ दिवशी मयताचा विषय कशाला, पब्लिक उठून जाईल, आणि तसाही वेळ नाही. रात्री लुगडं आईकडे परत आलं. घडीसुद्धा मोडली नव्हती.

वेळ नव्हता हे खरं आहे, आणि तो कुठे गेला तेही मी पाहिलं. तमाशा सातला सुरू व्हायचा होता. त्याआधी सत्कार ठेवले होते. शाल, नारळ, फेटा, प्रत्येकाचं थोडं थोडं भाषण. मी मोजले, ३८ सत्कार झाले. नऊ वाजून दहा मिनिटांनी गण, म्हणजे गणपतीचं नमन, सुरू झाला. गौळण अर्ध्यावर आली असेल तोच पुढच्या रांगांतून "गाणी लावा, गाणी" सुरू झालं. मग सिनेमाची चार गाणी झाली आणि दहाला पोलिसांनी स्पीकर बंद करायला लावला. बतावणी, म्हणजे सोंगाड्याची विनोदी बोलाचाली, झाली नाही. वगाचं, म्हणजे शेवटच्या नाट्याचं, तर नावही निघालं नाही.

त्या वेळी मी कनातीच्या मागे उभी होते. फडाचा आताचा सोंगाड्या २२ वर्षांचा पोरगा आहे. तोंडाला सफेदा लावून, भुवया काजळाने वर ओढून, रंगीबेरंगी अंगरखा घालून तो सात वाजल्यापासून पेटीवर तयार बसला होता. दहा वाजता त्याने बादलीतलं पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. बोर्डावर पाऊलही न टाकता. आबांचा फोटो पिशवीत राहिला याचं दुःख आहेच, पण त्या पोराचं तोंड धुणं मला अजून झोपू देत नाही.

आबा कोण होते ते आता सांगते. ती दोन मिनिटं मिळाली असती तर मालकीणबाईंनी थोडंसं सांगितलं असतं. मी जरा जास्त सांगणार आहे.

आमच्या घरी जमीन नव्हती. चौदाव्या वर्षी आबा एका फडामागे गेले. आधी बिगारी म्हणून पेट्या उचलल्या, खुंट्या ठोकल्या. मग सुरत्यांमध्ये, म्हणजे मागे साथ करणाऱ्यांत, उभं राहून झील, म्हणजे उंच सुरातली साथ, धरायला लागले. तुणतुणं हातात घेऊन सहा वर्षं ते सोंगाड्याच्या मागे उभे होते. "तितनं हसू कुठून येतं ते ऐकू येतं," असं म्हणायचे. माणूस हसायच्या आधी श्वास घेतो, तेवढी जागा वाक्यात सोडायची. ती जागा ज्याला सापडली तो सोंगाड्या. हे शिक्षण कुठल्या शिबिरात पंधरा दिवसांत होत नाही.

फड गावात पोचला की बाकीचे लोक दुपारी झोपायचे. आबा गावात फेरीला निघायचे. न्हाव्याकडे दाढी करायची, हॉटेलात चहा घ्यायचा, पारावर टेकायचं. विहीर कुणाची आटली, सोसायटीचं कर्ज कुणाला मिळालं, कुठल्या दोन भावांचं बोलणं बंद आहे, हे सगळं अंधार पडेपर्यंत त्यांच्या कानावर आलेलं असायचं. रात्री त्यातलं नेमकं तेवढंच बोर्डावर यायचं ज्याने गाव हसेल आणि कुणाची मान खाली जाणार नाही.

एका गावातला हापसा आठ महिने बंद होता. बायका दोन किलोमीटरवरून पाणी आणत होत्या. त्या रात्री गौळणीत कृष्णाने वाट अडवली, दूध-दह्याचं दाण मागितलं, आणि मावशी झालेले आबा पदर खोचून पुढे आले. "दूध-दही कुठनं आणू रं लेकरा, माठात पाणीबी न्हाई. हापसा हाणून हाणून मावशीचा दंड पैलवानावानी झाला. कान्हा, आधी तुझी यमुना चालू कर, मग बासरी वाजीव." सरपंच पहिल्या रांगेत होते. तेही हसले. पुढच्या वर्षी फड त्या गावी गेला तेव्हा हापशाला पाणी होतं. माझ्यामुळे झालं असं आबा कधी म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "मावशीचा दंड आता बारीक झाला."

ही बतावणीची ताकद आहे. ज्याला ग्रामसभेत उभं राहायची भीती वाटते त्याचं गाऱ्हाणं सोंगाड्या हजार माणसांपुढे मांडतो, आणि ऐकणाऱ्याला ते ऐकावंच लागतं, कारण तो हसत असतो.

दुसरी गोष्ट मला आबांच्या दहाव्याला कळली. नदीवर फडातली जुनी माणसं आली होती. त्यात एक बाई होत्या. आता नातवंडांच्या आजी झाल्यात, तरुणपणी त्या त्याच फडात नाचायच्या. त्यांनी सांगितलं, एका यात्रेत दारू प्यायलेली पाचसहा पोरं थेट बोर्डावर चढली. मुली मागे सरकल्या, ढोलकी थांबली. आबा मावशीच्याच वेशात पुढे झाले आणि सगळ्यात पुढच्या पोराचा हात धरला. "अगं बाई, जावईबापू आलं! किती वर्सानं! मावशीला वळाकलं न्हाई व्हय?" त्याला खाली बसवलं, गुलाल लावला, नारळ दिला, लेकीची खुशाली विचारली. गाव हसायला लागलं आणि तेवढ्यात मुली कनातीआड गेल्या. त्या गर्दीतून कुणीतरी बाटली फेकली. ती आबांच्या भुवईवर बसली. चार टाके पडले, ते वग संपल्यावर. आम्हाला घरी त्यांनी सांगितलं होतं की ट्रकच्या फाळक्यावर डोकं आपटलं. ती खूण आम्ही पुढे तीस वर्षं फाळक्याचीच समजत होतो.

माझ्या भाच्याने एकदा मोबाइलवर अमेरिकेतला रोडिओ दाखवला. उधळलेल्या बैलाच्या पाठीवर एका हाताने दोरी धरून आठ सेकंद टिकायचं, असा तो खेळ. स्वार खाली पडला की तोंड रंगवलेला, ढगळ कपडे घातलेला एक माणूस बैलाच्या समोर जातो, त्याला आपल्यामागे पळवतो आणि स्वार उठून कुंपणापर्यंत पोचेस्तोवर बैलाची शिंगं आपल्याकडे वळवून ठेवतो. मधल्या वेळात तोच लोकांना हसवतो. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "हे तर तुझे आबा." तिथे कोलोरॅडो स्प्रिंग्स इथे रोडिओवाल्यांचं सन्मान-दालन आहे. त्यात स्वारांच्या बरोबरीने या विदूषकांचीही नावं लावतात. आपल्याकडे हँडबिलावरसुद्धा सोंगाड्याचं नाव नसतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

घरचे आबा वेगळे होते. फार बोलायचे नाहीत. दसऱ्याला फड बाहेर पडायचा तो बुद्धपौर्णिमेपर्यंत. तेवढ्या सात महिन्यांत दर आठवड्याला एक पोस्टकार्ड यायचं. त्यांना लिहिता येत नव्हतं. फडातला पेटीवाला लिहून द्यायचा आणि शेवटच्या ओळीखाली आबा स्वतः आमच्या तिघा भावंडांची तीन गोल तोंडं काढायचे. कार्डावर गावाचं नाव असायचं. मंचर, ओतूर, पाबळ, बेल्हे, पारनेर. मी शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ती गावं बोटाने शोधायचे. आज मी तिसरीच्या मुलांना जिल्ह्याचा नकाशा शिकवते तो त्या पोस्टकार्डांमुळे.

वैशाखात घरी आले की पहिले आठ दिवस भाकरी आबा थापायचे. आई संकोचायची, शेजारणी हसायच्या. ते म्हणायचे, "तू सात म्हैने एकटीनं रेटलंस, मला आठ दिस तर करू दे." मग पाऊस पडला की लोकांच्या रानात खुरपणीला जायचे. माझ्या डी.एड.साठी त्यांनी फडमालकाकडून १२,००० रुपये उचल घेतली आणि ती फिटेपर्यंत तीन हंगाम निम्म्या पगारावर काढले. मला हे नोकरी लागल्यावर कळलं.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी सातवीत असताना आबा पालकसभेला आले होते. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा. पोरं ओरडली, "मावशी आली, मावशी आली." मी पाण्याच्या टाकीमागे लपले. आबांनी मला लपताना पाहिलं, आणि ते फाटकातूनच परत फिरले. रात्री मला जवळ घेऊन म्हणाले, "तू लपलीस ते बरं झालं. माझंबी मन नव्हतं यायचं." त्या टाकीमागून बाहेर यायला मला फार वर्षं लागली. हे पत्र मी त्यासाठीही लिहिते आहे.

आता तुमच्याबद्दलची गाऱ्हाणी.

पहिलं वेळेचं. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. गावात आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. कोंबडं आरवेपर्यंत चालणारा तमाशा आता होणार नाही, हे आबांनीही स्वीकारलं होतं. पण दहाची वेळ आधीपासून माहीत असताना नऊपर्यंतचा वेळ तुम्ही सत्कारांना देता. उरलेल्या पन्नास मिनिटांत गण, गौळण, बतावणी आणि वग कसा बसणार? त्याच नियमात सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. यात्रेचा दिवस त्यात यावा म्हणून तुमच्यापैकी किती जणांनी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी मागणी केली? आमच्या गावाने केलेली नाही. मी विचारलं.

दुसरं, वग नको म्हणण्याचं. सोंगाड्याला बतावणी आणि वगाशिवाय जागा नाही. कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, वगातले दोन हवालदार करून महाराष्ट्रभर घराघरांत पोचले. माणसं बैलगाड्या जुंपून त्यांना पाहायला जायची. ते आज आले असते तर तुमच्या पन्नास मिनिटांत त्यांना बोर्डावर पाऊल ठेवता आलं असतं का? लोकांनाच गाणी हवीत, असं तुम्ही म्हणता. यंदा कनातीमागे जाण्याआधी मी बायकांच्या बाजूला बसले होते. ओरडणारी पोरं चाळीसेक असतील. मागे सातआठशे माणसं गप्प बसून वगाची वाट बघत होती. म्हाताऱ्या घोंगड्या घेऊन आल्या होत्या. कमिटीने त्या चाळिसांचं ऐकलं.

आणि हे सांगताना मला फार वाईट वाटतं, पण वग झाला नाही म्हणून यंदाच्या सुपारीतून, म्हणजे फडाशी ठरलेल्या रकमेतून, १५,००० रुपये कापले. वग होऊ न देणारे कोण, हे ठाऊक असूनही. मालकीणबाई भांडल्या नाहीत, कारण पुढच्या वर्षीची सुपारी जाईल ही भीती. फडात ऐंशी-नव्वद माणसं असतात. दसऱ्याच्या आधी त्यांना उचल द्यायला मालक व्याजाने पैसे काढतात, आणि ते सगळं कर्ज चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर फिटतं. २०२० साली २५ मार्चला, ऐन पाडव्याच्या दिवशी, देशात टाळेबंदी सुरू झाली. नारायणगावला फडांच्या राहुट्यांत, म्हणजे तंबूंत, सुपाऱ्या ठरवायचे तेच दिवस होते. तो हंगाम गेला, पुढच्या साली दुसरी लाट आली, तोही गेला. त्या दोन वर्षांत आबांच्या फडाने दोन ट्रक विकले. ढोलकीवाला बांधकामावर गेला तो परत आलाच नाही. अशा माणसांचे १५,००० कापताना बैठकीत कुणाचा तरी हात अडखळायला हवा होता.

तिसरं बैलगाडा शर्यतींचं. मी शर्यतींच्या विरोधात लिहीत नाही, घाटाला, म्हणजे शर्यतीच्या जागी, मीही जाते. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी आणली तेव्हा आपल्या भागातल्या गावांनी काय केलं ते मी पाहिलं आहे. मोर्चे काढले, रास्ता रोको केला, वर्गणी काढून वकील दिले, २०१७ साली विधिमंडळात कायदा बदलून घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. नऊ वर्षं गावं हटली नाहीत, कारण ही आपली परंपरा आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्याच यात्रेत, त्याच रात्री, त्याच मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या वग होत आला. तो बंद पडतोय. त्याला कोर्टाने बंदी घातलेली नाही, सरकारने घातलेली नाही. तो कमिटीच्या बैठकीत बंद पडतोय, आणि तिथे त्याच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहत नाही.

फडातल्या बायकांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते लिहितानाही शरम वाटते. दिवसभर ट्रकच्या सावलीत बसायचं आणि आडोशासाठी अंधार पडायची वाट बघायची, हे आजही चालू आहे. दोन वर्षांपूर्वी मी शाळेच्या दोन खोल्या आणि स्वच्छतागृहाची किल्ली फडाला मिळवून दिली. एक अर्ज आणि एक सही लागली, खर्च काहीच आला नाही. यंदा त्या खोल्यांत मंडपाच्या खुर्च्या ठेवल्या होत्या.

शेवटचं गाऱ्हाणं कागदाचं. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. पूर्वी त्यात अ, ब, क असे वर्ग होते आणि गावपातळीवरच्या कलावंताला २,२५० रुपये मिळायचे. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये झाले. ही चांगली गोष्ट झाली. पण अर्जाला पुरावे लागतात. हँडबिलं, कात्रणं, फोटो, कार्यक्रम केल्याची पत्रं. आबांचा अर्ज दोनदा परत आला. शेरा एकच, कलावंत असल्याचा सबळ पुरावा जोडावा. आमच्याकडे ३४ हँडबिलं होती. त्यांवर फडाचं नाव होतं, मालकीणबाईंचं होतं, तुमच्या कमिटीच्या प्रत्येक सभासदाचं नाव फोटोसकट होतं. आबांचं नाव एकाही कागदावर नव्हतं. सोंगाड्या म्हणजे "सोबत विनोदी कलाकार". तुमच्या गावांतून ४१ वर्षं हसवत फिरलेल्या माणसाकडे तो हसवत होता याचा कागद नव्हता. तिसऱ्यांदा अर्ज करायचा म्हणून मी सात गावांच्या कमिट्यांना पत्रासाठी विचारलं. दोघांनी दिलं. बाकीच्यांचं लेटरपॅड येईपर्यंत आबा गेले.

तमाशातल्या थोर कलावंत विठाबाई नारायणगावकर २००२ साली हलाखीत गेल्या आणि २००६ पासून त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. तो योग्यच आहे. पण तो वर्षाला एका कलावंताला मिळतो. बाकीच्या शेकडो सुरत्यांना, ढोलकीवाल्यांना, सोंगाड्यांना आयुष्यात ज्यांची सही मिळू शकते असे लोक तुम्हीच आहात.

म्हणून माझं मागणं सरकारकडे जाण्याआधी तुमच्याकडे आहे, आणि त्यातलं बहुतेक फुकट होणारं आहे.

तमाशा सातला म्हणजे सातलाच उभा करा. सत्कार दुसऱ्या दिवशी कुस्त्यांच्या आखाड्यात घ्या, तिथे उजेड असतो, सगळ्यांना तोंडं नीट दिसतात. यात्रेच्या रात्रीसाठी बारापर्यंतची सूट मिळावी म्हणून दोन महिने आधी लेखी अर्ज करा. मिळाली नाही तर दहाच्या आत बसेल असा दीड तासाचा वग आम्ही फडवाल्यांकडून बांधून घेऊ, पण वग झालाच पाहिजे, आणि सुपारी ठरवताना तो कागदावर लिहा. ठरलेली सुपारी पूर्ण द्या. कार्यक्रम तुमच्यामुळे अर्धा राहिला तर पैसे कापू नका. यंदा कापलेले १५,००० आमच्या कमिटीने दसऱ्याच्या आत त्या फडाला पोचते करावेत. शाळेच्या दोन खोल्या, स्वच्छतागृह आणि पाण्याचा एक टँकर फडाच्या बायकांसाठी राखून ठेवा. बोर्डासमोर पहिल्या दोन रांगा बायका आणि म्हाताऱ्या माणसांना द्या, आणि दारू पिऊन बोर्डाकडे येणाऱ्याला अडवायला तुमची माणसं उभी करा. ते काम सोंगाड्याच्या भुवईवर टाकू नका.

हँडबिलावर प्रत्येक कलावंताचं नाव छापा, बारीक अक्षरात का होईना. आणि कार्यक्रम संपल्यावर फडाला जे सुपारीचं पाकीट देता, त्यासोबत एक कागद द्या. कमिटीचं लेटरपॅड, तारीख, सही, शिक्का आणि त्या रात्री बोर्डावर आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि काम. सोंगाड्या, ढोलकी, हलगी, तुणतुणं, झील. मी त्याचा मसुदा करून ठेवला आहे. ज्या कमिटीला हवा तिला पाठवते. नावं लिहून घ्यायला कुणी नसेल तर आजूबाजूच्या गावांत मी स्वतः येऊन बसेन.

आमच्या कमिटीची पुढच्या यात्रेची बैठक माघात देवळात असते. बायका सहसा येत नाहीत. यंदा मी येणार आहे, आई येणार आहे, आणि घोंगड्या घेऊन बसलेल्या त्या म्हाताऱ्यांपैकी नऊ जणींनी येते म्हणून सांगितलं आहे. गणानंतरची दोन मिनिटं आम्ही पुन्हा मागू. लुगडं आईने पेटीत वरच ठेवलंय.

आपली,
एका सोंगाड्याची मुलगी